हिवाळ्यात बोट बंद ठेवताना आतली ओल: आधी पाणी काढा, मग हवेचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: २६ फुटी फायबरची शिडाची बोट, हिवाळ्याचे पाच महिने पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभी. वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळलेली, खिडक्या-झडपा बंद, आत ओल शोषणारे दोन डबे. तरी हंगामाच्या तोंडावर बोट उघडली तर गाद्यांच्या पाठीमागे काळी बुरशी, कप्प्यांच्या तळाशी पाणी आणि दोनदा धुऊनही न गेलेला कुबट वास. यंदा काय करावं? जास्त डबे ठेवावेत, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यावा, की खिडक्या उघड्या टाकाव्यात?

हे तिन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिन्ही एकदम केले तर तिन्ही वाया जातात. बोटीतली ओल आवरायचे मार्ग दोनच. एक तर बोट उघडी ठेवून आत वारा खेळता ठेवायचा, नाहीतर बोट डब्यासारखी बंद करून आतली हवा यंत्राने सुकवायची. यातला एक निवडा आणि तो पुरता करा. अर्धी बंद आणि अर्धी उघडी बोट सगळ्यात लवकर कुजते, हे मी इतक्या बोटींत पाहिलंय की आता त्याबद्दल शंका उरलेली नाही. आणि दोन्हींच्या आधी एक काम आहे, ज्याचा बहुतेकांना कंटाळा येतो: आत आधीपासून असलेलं पाणी बाहेर काढणं.

जरा हिशेब करू. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना साधारण साडेनऊ ग्रॅम आणि शून्याला पाचच्या जरा आत. तुमच्या केबिनमध्ये १५ घनमीटर हवा धरा. ती २० अंशांना वाफेने काठोकाठ भरलेली असली, तरी तिच्यात पाणी पाव लिटरच. मग कप्प्यांत सापडलेलं दोन-तीन लिटर पाणी बंद बोटीतल्या त्या हवेतून आलेलं असूच शकत नाही. ते आलं ओलं असतानाच गुंडाळून ठेवलेल्या शिडातून, गाद्यांच्या फोममधून, बिल्जच्या, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीच्या, कोपऱ्यातून आणि एखाद्या गळक्या बोल्टातून. हवा इथे फक्त हमाल आहे. दिवसा ऊन लागून बोट तापली की ती फोममधून पाणी उचलते आणि रात्री थंड भिंतीवर नेऊन टाकते. असं पाच महिने, रोज.

ती टाकते कुठे, हेही बघा. केबिनमध्ये १५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर साडेनऊ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं. फायबरची एकेरी भिंत रात्री सहज त्याखाली उतरते. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी आणि डेकमधून आरपार आलेले बोल्ट तर तिच्याही आधी. पण सगळ्यात वाईट जागा गादीच्या मागची. गादीमुळे केबिनची ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, म्हणून भिंत तिथे सर्वांत थंड, आणि हवा तिथे हलत नाही. गादी बाजूला करून तिच्यामागच्या भिंतीवर हात फिरवा. बाकी केबिन कोरडी वाटत असतानाही तिथे बोटांना ओलसर, किंचित बुळबुळीत थर लागतो. तुमची बुरशी गाद्यांच्या मागच्याच बाजूला का धरली, याचं उत्तर तेच.

म्हणून पहिलं काम आवराआवरीचं. शिडं, दोर, लाइफजॅकेट, अंथरुणं, कपडे, पुस्तकं, कागदी नकाशे, जे जे ओल धरतं ते सगळं बोटीतून घरी न्या. गाद्या नेणं शक्य नसेल तर त्या केबिनच्या मध्यभागी उभ्या करून ठेवा, भिंतीला न टेकवता, दोन गाद्यांत हाताचा पंजा जाईल इतकं अंतर ठेवून. पायाखालच्या फळ्या उचला. प्रत्येक कप्प्याचं दार उघडं ठेवा, खण अर्धे बाहेर ओढा. आइसबॉक्सचं झाकण आपोआप मिटतं, म्हणून त्यात लाकडाचा तुकडा अडकवा. बिल्ज पंपाने काढून झाल्यावर उरतं ते पाणी स्पंजने टिपा आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. आडव्या-उभ्या फासळ्यांमध्ये जी छोटी खळगी असतात त्यांत पाणी अडून राहतं, कारण एका खळग्यातून दुसऱ्यात जायची भोकं कचऱ्याने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा. नळांतलं आणि टाकीतलं गोडं पाणीही काढा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फुटलेली एक नळी वसंतात बोट भरायला पुरते.

मग मीठ. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समुद्राच्या पाण्याने भिजून वाळलेली गादी खरी वाळलेली नसते. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. म्हणजे मिठाळलेलं कापड स्वतःच ओल बोलावणारा डबा असतो, तोही तुम्ही कधी रिकामा न करणारा. गाद्यांची खोळं, दोर, लाइफजॅकेटचे पट्टे, आतल्या भिंती, जिन्याच्या पायऱ्या, सगळं गोड्या पाण्याने दोनदा धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. जुन्या गादीची चेन उघडून आतला फोम दाबून पाहा. धातूची चेन हिरवट झालेली असेल आणि फोम दाबल्यावर हाताला गारवा लागत असेल, तर आत मीठ आहे. दोनदा धुऊनही तुमचा वास गेला नाही, त्यामागे बहुधा हेच कारण आहे. धुतली गेली खोळ, वास राहिला फोममध्ये.

आता पाणी बाहेरून येतंय की आतच दव धरतंय, हे ओळखायला हवं, कारण गळतीला डिह्युमिडिफायर हे औषध नाही. दव थंड पृष्ठभागांवर सारखं पसरतं आणि पाऊस नसलेल्या, निरभ्र थंड रात्रीनंतर सर्वांत जास्त दिसतं. गळती एका जागी, पावसानंतर, आणि जाताना मागे तपकिरी ओघळ सोडते. शंका असेल तर भिंत पुसून कोरडी करा आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर ते हवेतलं, खाली असेल तर भिंतीतून येतंय. खिडक्या आणि कठड्याच्या खांबांखाली टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या, तर पावसानंतर कोणती पट्टी चुरगळली ते पाहून नेमका बोल्ट सापडतो. बिल्जमधलं पाणी खारं की गोडं, हे कळायला एक थेंब काळ्या काचेवर वाळू द्या. पांढरी खरखरीत पुटं उरली तर ते हंगामातलं समुद्राचं पाणी, तुम्ही नीट न काढलेलं. जवळपास काहीच उरलं नाही तर पावसाचं. गळका बोल्ट सापडला तर तो काढून नव्या सीलंटवर बसवा. बाहेरून नुसता सीलंटचा लपका मारून काही होत नाही, पाणी दुसरी वाट शोधतं. बाल्सा (हलकं लाकूड) किंवा फोमच्या गाभ्याच्या डेकमध्ये झिरपलेलं पाणी थंडीत गोठून थर सोडवतं, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

डोलकाठी डेकमधून थेट तळापर्यंत गेलेली असेल आणि हिवाळ्यात ती उभीच ठेवत असाल, तर काठीतून दोर जिथे बाहेर येतात त्या फटींतून पाऊस आत शिरून काठीच्या पोटातून सरळ बिल्जमध्ये उतरतो. याला झाकण नाही. तळाची निचऱ्याची वाट मोकळी ठेवा, नाहीतर डोलकाठी उतरवा. बोट ठोकळ्यांवर घेताना पुढचं टोक किंचित वर राहील असं सांगा, म्हणजे डेकवरचं आणि बिल्जमधलं पाणी मागे वाहतं. तळाचा ड्रेन प्लग (निचऱ्याच्या भोकाचं बूच) असेल तर काढून ठेवा. आणि कॉकपिटच्या (मागच्या उघड्या, बसायच्या जागेच्या) निचऱ्याच्या भोकांत झाडाची पानं अडकू देऊ नका. पानाएवढी क्षुल्लक गोष्ट, पण भोकं बुजली की कॉकपिट हौदासारखा भरतो, पाणी उंबरठा ओलांडून केबिनमध्ये उतरतं आणि डोळ्यांसमोर बोट जमिनीवर उभी असताना बुडते. मी अशा एका बोटीत शिरलो होतो. इंजिन अर्ध्यापर्यंत पाण्यात होतं आणि कारण होतं मूठभर पाचोळा.

इतकं झाल्यावर निवड. यार्डात वीज मिळत नसेल, किंवा मिळत असूनही माणूस नसताना यंत्र चालू ठेवायला परवानगी नसेल, तर पहिला मार्ग: खेळती हवा. तुमची ताडपत्री इथे शत्रू ठरली. डेकला चिकटून आवळलेलं प्लास्टिक पाऊस अडवतं आणि वाफही अडवतं, शिवाय वाऱ्याने घासून जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) खरवडतं. ताडपत्रीखाली लाकडाची किंवा पाइपची चौकट उभी करा, मध्ये उंच कणा आणि दोन्ही बाजूंना छपरासारखा उतार. पुढची आणि मागची टोकं त्रिकोणी उघडी ठेवा, म्हणजे वारा एका टोकाने शिरून दुसऱ्याने निघेल. ताडपत्रीखाली पाऊस येत नसल्यामुळे झडपा निर्धास्त उघडता येतात. केबिनचं दार काढून तिथे जाळी बसवा आणि पुढची झडप चार बोटं उघडी ठेवून बांधून टाका. हवेला आत यायची वाट खाली आणि बाहेर जायची वर असेल तर उत्तम. दोन्ही भोकं एकाच टोकाला असली तर मधली केबिन कोंदटच राहते. सौरऊर्जेवर चालणारा छोटा पंखा बरा, पण तो ताडपत्रीखाली गेला तर बंदच पडतो, हे विकत घेताना लक्षात राहत नाही.

या मार्गाची एक कमजोरी आहे. आठवडाभर कडाक्याची थंडी पडून बोटीची भिंत, इंजिन, सगळं २ अंशांवर आलंय, आणि मग अचानक १० अंशांचं दमट वारं सुटलं, तर त्या हवेला आठ-साडेआठ अंशांखाली दव धरतं. थंड इंजिन दहा मिनिटांत घाम फुटल्यासारखं भिजतं. बाहेर हवा उबदार झाली म्हणून झडपा सताड उघडायचा मोह त्याच दिवशी होतो, आणि तोच दिवस चुकीचा असतो. बोट जवळ असेल तर असे दोन दिवस ती बंद ठेवा. लांब असेल तर त्याची काळजी करू नका. भिंत तापली की तीच खेळती हवा ते पाणी परत घेऊन जाते, फक्त गाद्या तिथे नसल्या पाहिजेत. इंजिनासाठी मात्र एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडात तेलात भिजवलेलं फडकं कोंबा, म्हणजे दमट हवा सिलिंडरपर्यंत जात नाही. तसं केल्याची चिठ्ठी चावीला बांधा.

दुसरा मार्ग, वीज असेल तर: बंद बोट आणि डिह्युमिडिफायर. यंत्र कोणतं, यावर सगळं अवलंबून आहे. घरात वापरतात तो कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर १५ अंशांखाली दमायला लागतो आणि ५ अंशांच्या आसपास कॉइलवर बर्फ धरून बसतो. गरम न केलेल्या बोटीत तो जवळपास निरुपयोगी. झिओलाइटच्या फिरत्या चक्रावर ओल धरणारा डेसिकंट प्रकारचा घ्या. तो १ अंशापर्यंत काम करतो आणि सोडलेली हवा काही अंश उबदार असते. वीज जास्त खातो, साधारण ३०० ते ६०० वॉट, पण केबिन खरोखर बंद असेल तर तो दिवसातला थोडाच वेळ चालतो. सेटिंग ५५ ते ६० टक्के पुरे. ७० च्या वर बुरशीचं फावतं, ६० च्या खाली तिला वाढणं जमत नाही, आणि ४५ च्या खाली नेलंत तर लाकडी कामाचे सांधे उकलायला लागतात. जास्त कोरडं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

यंत्राची टाकी भरली की ते थांबतं, म्हणून नळी लावून पाणी सिंकमध्ये सोडा आणि बोट पाण्याबाहेर असल्यामुळे सिंकचा सीकॉक (पाणी बोटीबाहेर सोडणारा तळाचा नळ) उघडा ठेवा. नळीला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला की पाणी तिथे अडतं, थंडीत गोठतं, आणि यंत्र स्वतःच्याच पाण्यात बसतं. नळी सिंकला पट्टीने बांधा, नुसती ठेवू नका. वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होतं का, हे प्लग काढून-लावून आधीच तपासा. काही यंत्रं बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. रिळावरची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. कठोर थंडीत, दिवसाही पारा शून्याखाली असतो तेव्हा, यंत्र बंदच ठेवा. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे दोन-अडीच ग्रॅमच वाफ मावते. सुकवायला तिथे काही उरलेलं नसतं.

आणि यंत्र चालू असताना व्हेंट (डेकवरची हवेची भोकं) बंद हवेत. हा मुद्दा पटत नसेल तर पुन्हा आकडे घ्या. बाहेर ८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरमागे साडेसात ग्रॅमच्या जवळपास वाफ असते. केबिनची हवा तासाला एकदा जरी बदलली, तरी १५ घनमीटरमागे तासाला ११० ग्रॅम पाणी आत येतं, दिवसाला अडीच लिटरहून जास्त. म्हणजे तुम्ही बोट नव्हे, सगळं आकाश सुकवायला घेतलंय. व्हेंटवर बाहेरून टोपी आणि आतून चिकटपट्टी लावा, दाराच्या फटींत फोमची पट्टी घाला.

तुमच्या डब्यांचंही त्यात उत्तर आलं. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते आपल्या वजनाइतकं, फार दमट हवेत त्याहून बरंच जास्त पाणी ओढतं. अर्ध्या किलोचे दोन डबे झाले तरी एक-दोन लिटर, तेही पाच महिन्यांत. शिवाय थंडीत त्यांचा वेग मंदावतो. बंद, आधीच सुकवलेल्या बोटीत एखाद्या लहान कप्प्यासाठी ते ठीक. पण डब्यात जमणारं पाणी हे तीव्र क्षारद्रव असतं. डबा कलंडला तर ते ज्या धातूवर जाईल त्याला खातं आणि लाकडावर पडलं तर ती जागा कधीच वाळत नाही, कारण ते स्वतः ओल ओढत राहतं. डबा सिंकमध्ये ठेवा, फळीवर नको. सिलिका जेल चांगलं, पण फक्त झाकणबंद पेटीत. रेडिओ, दुर्बीण, सुटे फ्यूज हवाबंद डब्यात घालून त्यात सिलिका जेलची पिशवी टाका. ती ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येते, फक्त पिशवीचं कापड तेवढी उष्णता सोसणारं आहे ना, ते पाहा.

हीटरबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. तापवल्याने पाणी जात नाही. हवा १० अंशांनी तापवली की सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर येते आणि भिंत दवबिंदूच्या वर राहते, इतकंच. इंजिनाशेजारी ६०-८० वॉटचा नळीच्या आकाराचा हीटर त्यासाठी योग्य आहे. पंख्याचा मोठा हीटर माणूस नसताना बोटीत कधीही नको, आग लागते. उघड्या ज्योतीचा गॅस हीटर तर अजिबात नको. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन त्याच केबिनमध्ये सोडतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

डिझेलच्या टाकीत दव धरतं म्हणून ती भरून ठेवावी, असं सगळे सांगतात. टाकीत १०० लिटर हवा असेल तर २० अंशांपासून शून्यापर्यंत थंड होताना तिच्यातून सव्वा ग्रॅम पाणी पडतं. पेलाभर पाणी व्हायला ती हवा दीडशेहून जास्त वेळा पूर्ण बदलायला हवी. टाकी भरा, नुकसान नाही, थोडी जागा फुगायला सोडा. पण पाणी सापडत असेल तर डेकवरच्या झाकणाचं रबरी कडं बदला. बहुतेक वेळा पाऊस तिथूनच शिरतो.

आता जी बुरशी आहे ती काढताना एन ९५ मास्क लावा आणि बोट उघडी ठेवा. कोरडी झाडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्याने पुसा, मग व्हिनेगर लावून वाळू द्या. ब्लीचने डाग उडतो, पण शिलाईचा दोरा आणि धातू खराब होतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो. फोममध्ये खोलवर वास मुरलेला असेल तर तो फोम टाकून द्या. तो वाचवण्यात मी घालवलेला वेळ परत मिळालेला नाही.

शेवटी एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या, साधा डिजिटल चालतो. तो खरं सांगतो का, हे पाहायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंबभर पाणी घाला, म्हणजे मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही, आणि ते झाकण व हायग्रोमीटर एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर हिवाळाभर त्याच्या आकड्यात ५ मिळवत राहा. तो केबिनच्या मधोमध टेबलावर ठेवू नका. गादी होती त्या कोपऱ्यात, भिंतीपाशी ठेवा. महिन्यातून एकदा जाल तेव्हा आधी तो आकडा पाहा, मग भिंतीवर हात फिरवा, मग कॉकपिटच्या भोकांतली पानं काढा. काढून ठेवलेला ड्रेन प्लग दोरीने इंजिनाच्या चावीला बांधलेला असू द्या, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या दिवशी तो हातात आल्याशिवाय चावी फिरणार नाही.